प्रार्थना करावी तरी कशी? ल्यूथरच्या न्हाव्याने विचारलेला प्रश्न

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या न्हाव्याचं नाव होतं पीटर बेस्केनडॉर्फ. जर्मनीतल्या विटेनबर्ग गावात तो न्हाव्याचं काम करायचा आणि ल्यूथरशी त्याची जुनी मैत्री होती. साध्या माणसाने प्रार्थना करावी तरी कशी, असं त्याने ल्यूथरला विचारलं. ल्यूथर तेव्हा ५१ वर्षांचा होता, विद्यापीठात बायबल शिकवत होता. दोन वाक्यांत उत्तर देऊन तो मोकळा झाला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्याने पीटरसाठी एक अख्खी पुस्तिका लिहिली आणि ती १५३५ साली छापून आली. सुरुवातीलाच तो म्हणतो की मी स्वतः जे करतो ते तुम्हाला जमेल तसं सांगतो; प्रभू तुम्हाला आणि सगळ्यांनाच माझ्यापेक्षा चांगलं करायची बुद्धी देवो.

ल्यूथरन, म्हणजे ल्यूथरची शिकवण मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बायबलवाचन, विश्वास आणि प्रार्थना यांची सांगड कशी घालतात, हे समजून घ्यायला मला या पुस्तिकेइतकी चांगली वाट दुसरी दिसत नाही. ल्यूथरचं नाव घेतलं की १५१७ सालचे ९५ सिद्धांत, पोपशी झालेला संघर्ष, चर्चमधली फूट हे सगळं आठवतं. पण एका न्हाव्याला समजेल अशा भाषेत प्रार्थना शिकवणारा ल्यूथर आपल्याला फारसा माहीत नसतो, आणि त्याची रोजची भक्ती तर तिथेच दिसते.

सगळ्यात आधी ओघाची दिशा बघू. आपल्याला साधारण असं वाटतं की प्रार्थना माणसाकडून सुरू होते: मन शांत करायचं, भाव गोळा करायचे, मग देवाशी बोलायचं. ल्यूथरन शिकवणीत हा ओघ उलटा आहे. आधी देव बोलतो. तो बायबलमधल्या वचनातून बोलतो, उपदेशातून बोलतो, बाप्तिस्म्याच्या पाण्यातून आणि प्रभुभोजनातून (चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीतून) बोलतो. तो जे बोलला ते खरं धरणं म्हणजे विश्वास आणि त्याला दिलेलं उत्तर म्हणजे प्रार्थना. म्हणून या परंपरेत प्रार्थनेला बसताना समोर वचन असतं, निदान पाठ केलेलं तरी. कोरं मन घेऊन बसायची अपेक्षाच नाही.

आता पुस्तिकेत काय आहे ते पाहू. ल्यूथर लिहितो की इतर कामांमुळे आणि विचारांमुळे प्रार्थनेच्या बाबतीत आपण थंड पडलोय असं जाणवलं की मी स्तोत्रांचं पुस्तक घेतो आणि लगबगीने माझ्या खोलीत जातो, किंवा उपासनेची वेळ असेल तर चर्चमध्ये जातो. तिथे दहा आज्ञा, विश्वासांगीकार (ख्रिस्ती विश्वास मांडणारं ठरलेलं निवेदन), आणि वेळ असेल तर ख्रिस्ताचे, प्रेषित पौलाचे किंवा स्तोत्रांतले काही शब्द तो लहान मुलं म्हणतात तसे स्वतःशी म्हणत राहतो. एवढा मोठा शास्त्रपंडित, आणि मन गोठलं की मुलांसारखा पाठांतराकडे वळतो! यात मला मोठा दिलासा वाटतो. मन लागलं की प्रार्थना करू, असं तो म्हणत नाही. मन लागत नाही इथूनच त्याची प्रार्थना सुरू होते. बाहेरून आलेले शब्द आधी तोंडात येतात, आणि मन मागून, आपल्या गतीने ऊबेला येतं.

एका विचारापासून मात्र तो पीटरला सावध करतो: "थोडं थांब, तासाभराने प्रार्थना करू, आधी हे एवढं आटोपून घेऊ." त्या एका तासाच्या मागे दुसरं काम उभं असतं, त्याच्या मागे तिसरं, आणि दिवस मावळतो. हे सांगायला आज कुणाची साक्ष काढायची गरज नाही.

लक्ष लागण्याबद्दल सांगताना तो पीटरच्याच धंद्यातला दाखला देतो. चांगल्या न्हाव्याचं मन आणि डोळे वस्तऱ्यावर आणि केसांवर खिळलेले असतात. हात कुठवर आला, पुढे कुठे फिरवायचा, याचं भान त्याला ठेवावंच लागतं. तो गप्पा मारत राहिला, इकडेतिकडे बघत राहिला, तर गिऱ्हाइकाचं तोंड, नाक, गळासुद्धा कापायचा. कुठलंही काम नीट व्हायचं तर माणूस सगळाच्या सगळा त्यात लागतो, मग प्रार्थनेला अर्धं मन कसं पुरेल? याच ओघात तो एका धर्मगुरूची गोष्ट सांगतो. त्याच्या तोंडी लॅटिन प्रार्थना चाललेली असते आणि मध्येच तो नोकराला विचारतो, घोडे जुंपलेस का? प्रभूच्या प्रार्थनेबद्दल, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेबद्दल तर ल्यूथर कळवळून लिहितो की ती जगातली सर्वांत मोठी हुतात्मा आहे. जो तो तिला छळतो, नुसती बडबडत सुटतो. तिचा खरा आनंद घेणारे थोडेच. तो स्वतः मात्र अजूनही तान्ह्या मुलासारखा तिच्यातून दूध पितो आणि म्हाताऱ्या माणसासारखा तीच खातो-पितो, आणि तरी त्याचं पोट भरत नाही.

आणि मग येते ती पद्धत, जिच्यासाठी ही पुस्तिका आजही वाचली जाते. वचनाचा एक तुकडा घ्यायचा आणि त्यातून चार पदरी हार गुंफायचा, असं ल्यूथर म्हणतो. पहिला पदर शिकवणीचा, दुसरा आभाराचा, तिसरा कबुलीचा, चौथा विनंतीचा. एकच वाक्य आधी धडा होतं, मग गाणं होतं, मग पापकबुली होतं आणि शेवटी मागणं. हा हार तो दहा आज्ञांवर गुंफून दाखवतो, पण कुठल्याही वचनावर तो गुंफता येतो. प्रभूच्या प्रार्थनेतलं एकच वाक्य घेऊन आपण करून पाहू: "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे."

शिकवण. हे वाक्य मला काय सांगतं? भाकर देणारा देव आहे. माझं श्रम करणं खरं, पण पेरलेलं उगवतं ते माझ्या श्रमाने नाही. शिवाय वाक्यात "माझी" नाही, "आमची" आहे. म्हणजे दुसऱ्याच्या ताटाचा विचार टाळून मला हे वाक्य म्हणताच येत नाही. आणि "आज" आहे. पुढच्या दहा वर्षांची बेगमी मागायला इथे जागाच ठेवलेली नाही.

आभार. इथे ल्यूथरचं दुसरं एक छोटं पुस्तक मदतीला येतं. १५२८ साली तो आणि त्याचे सहकारी सॅक्सनीतल्या मंडळ्या पाहत फिरले, तेव्हा लोकांचं आणि कित्येक पाळकांचंही अज्ञान पाहून तो हादरला. त्यातून १५२९ साली त्याने घराघरांतून शिकवण्यासाठी लहान प्रश्नोत्तरी लिहिली. तिच्यात प्रश्न आहे: रोजची भाकर म्हणजे काय? उत्तरात तो एक यादीच देतो. अन्न, पाणी, कपडे, जोडे, घर, शेत, गुरंढोरं, पैसा, चांगला जोडीदार, चांगली मुलं, चांगले कामकरी, चांगले राज्यकर्ते, चांगलं हवामान, शांतता, आरोग्य, अब्रू, चांगले मित्र, विश्वासू शेजारी. जोडे आणि शेजारी एकाच यादीत! आभार मानायला शब्द सुचत नाहीत असं ज्याला वाटतं, त्याने ही यादी हळूहळू वाचावी आणि प्रत्येक शब्दापाशी थांबून आपल्याकडे काय आहे ते बघावं. पायातल्या जोड्यांसाठी आभार मानताना सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, मग ते अवघडलेपण गळून पडतं.

कबुली. जे हातात आलं ते मी माझ्या हक्काचं समजलो, मिळालं त्याची किंमत केली नाही, नाही मिळालं त्याची कुरकुर केली, शेजाऱ्याची भाकर माझ्यापेक्षा मोठी का, हे मोजत बसलो. हे सगळं देवापुढे नावानिशी ठेवायचं.

विनंती. आता मागायचं, घरासाठी, उपाशी असलेल्यांसाठी, पिकासाठी, न्यायाने राज्य चालावं म्हणून. आणि आपली हाव आवर, हेही.

मला या क्रमाचं फार मोल वाटतं. कबुली आभारानंतर येते. आधी मिळालेलं मोजल्यावर जी चूक ध्यानात येते, ती माणसाला खचवत नाही. घरच्या माणसाशी आपण उगाच कडू बोललो हे त्याची माया आठवल्यावर जाणवावं, तशी ती जाणवते. आणि कबुलीवर गाडी थांबत नाही, मागण्यापर्यंत जाते. ज्याच्यापुढे चूक कबूल केली त्याच्याचपुढे लगेच हात पसरायचा, ही हिंमत कुठून येते ते पुढे बघू.

ही पद्धत कुणी ओझं करून घेऊ नये म्हणून ल्यूथरने दोन गोष्टी आवर्जून लिहिल्या. एक, सगळं एकाच बैठकीत करायला जाऊ नका, जीव थकतो. चांगली प्रार्थना लांबलचक नसावी, ती वारंवार आणि तळमळीने केलेली असावी. दुसरी गोष्ट अधिक सुंदर आहे. हे चिंतन चालू असताना पवित्र आत्मा मनात बोलू लागला, एखाद्याच ओळीवर मन भरून आलं, तर बाकीचे पदर खुशाल सोडून द्या, गप्प बसा आणि ऐका. त्याच्या उपदेशातला एक शब्द आपल्या हजार प्रार्थनांपेक्षा मोलाचा.

आता विश्वासाकडे येऊ, कारण वरची हिंमत तिथून येते. तरुण ल्यूथर एर्फुर्टच्या मठात संन्यासी होता. उपास, जागरणं, पापकबुली यांत त्याने काही कसर ठेवली नाही, पण मन निवेना. बायबलमधल्या रोमकरांस पत्रातल्या पहिल्या अध्यायात "देवाचे नीतिमत्त्व" असे शब्द आहेत, आणि त्या शब्दांचा त्याला अक्षरशः राग यायचा. त्याला वाटायचं, नीतिमान देव म्हणजे पाप्याला शिक्षा करणारा देव. मग हे शुभवर्तमान, म्हणजे आनंदाची बातमी, कसं? पुढचंमागचं वाचत, रात्रंदिवस विचार करत असताना त्याला तिथलंच पुढचं वाक्य उलगडलं: नीतिमान विश्वासाने जगेल. हे नीतिमत्त्व देव मागत नाही, देतो. ख्रिस्तामुळे, फुकट, विश्वास ठेवणाऱ्याला. १५४५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, हे आठवताना त्याने लिहिलं की स्वर्गाची दारं उघडी आहेत आणि आपण आत शिरलोय असं तेव्हा वाटलं.

म्हणून ल्यूथरन भाषेत विश्वास या शब्दाचा अर्थ जरा बारकाईने घ्यावा लागतो. देव आहे असं मानणं, एवढाच तो नाही. मनाचा जोर लावून निर्माण केलेली खात्रीही नाही. दिलेल्या शब्दावर टेकणं म्हणजे विश्वास. हात रिकामा असला तरी चालतो. किंबहुना घ्यायचं तर तो रिकामाच लागतो. त्याच लहान प्रश्नोत्तरीत पवित्र आत्म्याविषयीच्या भागात ल्यूथर एक विलक्षण वाक्य लिहून जातो: मी असा विश्वास धरतो की मी माझ्या बुद्धीने किंवा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास धरू शकत नाही, पवित्र आत्म्यानेच मला शुभवर्तमानाद्वारे बोलावलं आहे. वाक्य पुन्हा वाचा. विश्वास धरायची माझी ताकद नाही, हीच विश्वासाची कबुली!

याचा रोजच्या भक्तीवर फार मोठा परिणाम होतो. माझंच सांगतो. कित्येक वर्षं प्रार्थना संपली की मी स्वतःचीच नाडी तपासायचो. काही जाणवलं का, डोळे ओले झाले का, कालच्यापेक्षा विश्वास वाढला का. जाणवलं तर देव जवळ, नाही जाणवलं तर देव रागावला. अशा माणसाला ल्यूथर सांगतो की आत बघणं सोड, बाहेर बघ. अभिवचन तुझ्या बाहेर आहे, म्हणूनच तुझ्या मनाच्या चढउतारांनी ते हलत नाही. पाप आणि सद्सद्विवेकबुद्धी छळू लागली की काय म्हणावं, हे तो मोठ्या प्रश्नोत्तरीत सांगतो: "तरीही माझा बाप्तिस्मा झाला आहे." झालेला बाप्तिस्मा हा एक प्रसंग आहे, घडून गेलेला. आज सकाळी माझं मन उदास आहे म्हणून तो न झालेला होत नाही. येशूचं जीवन सांगणाऱ्या शुभवर्तमानांत एक बाप आपल्या आजारी मुलाला येशूकडे आणतो आणि ओरडून म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. मला वाटतं यापेक्षा जास्त ल्यूथरन प्रार्थना सापडायची नाही, जरी ती ल्यूथरच्या दीड हजार वर्षं आधीची असली तरी.

बायबल वाचतानाही या परंपरेत एक भेद सतत मनात ठेवतात: नियमशास्त्र आणि शुभवर्तमान. देव काय मागतो ते नियमशास्त्र सांगतं, तो काय देतो ते शुभवर्तमान. याचा अर्थ जुना करार म्हणजे मागणं आणि नवा करार म्हणजे देणं, असा सरळ हिशेब कुणी केला तर तो चुकेल. दोन्ही करारांत दोन्ही आहेत, कधी कधी एकाच ओळीत. दहा आज्ञांची सुरुवात घ्या, "मी परमेश्वर तुझा देव आहे." दुसऱ्या कुणावर भिस्त ठेवू नकोस, हे मागणं त्यात आहे, आणि ते वाचून आपली भिस्त कुठे कुठे अडकली आहे ते उघडं पडतं. ज्याला तुझं हृदय चिकटतं तोच खरा तुझा देव, असं ल्यूथर म्हणतो. पण तेच वाक्य पुन्हा वाचलं की "तुझा" या शब्दापाशी पाय थबकतो. मी तुझा आहे, असं देव आपण होऊन सांगतो आहे. ते मागणं नव्हे, ते देणं आहे. आधी पहिलं ऐकून माणूस जमिनीवर येतो, मग दुसरं ऐकून उठतो.

१५३९ साली ल्यूथरच्या जर्मन लेखनाचा पहिला खंड निघाला. त्याच्या प्रस्तावनेत बायबल कसं वाचावं यासाठी त्याने तीन लॅटिन शब्द दिले आणि ते ११९ व्या स्तोत्रातून काढले: ओरातिओ, मेदितातिओ, तेन्तातिओ. प्रार्थना, मनन, कसोटी. जुन्या मठांतल्या परंपरेत वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी ध्यानमग्न शांती अशी शिडी सांगितली जायची. ल्यूथरच्या यादीत शेवटी शांतीची पायरी नाही. तिथे कसोटी आहे.

प्रार्थना यासाठी की आपल्या हुशारीने हे पुस्तक उलगडत नाही. स्तोत्रकार दाविदापाशी मोशेचा नियमशास्त्राचा ग्रंथ होता, तरी तो "मला शिकव" असंच मागत राहिला. मननाबद्दल तो म्हणतो की ते नुसतं मनातल्या मनात नको, मोठ्याने म्हणा, शब्द घासा, वाचा आणि पुन्हा वाचा. एकदोनदा वाचून कंटाळणाऱ्याची गत अर्धवट पिकण्याआधीच गळून पडलेल्या फळासारखी होते. पहिल्या स्तोत्रात नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाचं वर्णन आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द "हागा" आहे, म्हणजे पुटपुटणं, गुणगुणणं. यशयाच्या पुस्तकात हाच शब्द पारव्याच्या घुमण्यासाठी येतो आणि भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठीही. वचन असं तोंडात घोळवायचं, दाताखाली धरायचं.

आणि कसोटी. जर्मनमध्ये तो तिला आन्फेख्तुंग म्हणतो. संकट, शंका, देवाने टाकून दिल्याची भावना, सैतानाचा हल्ला हे सगळं त्या एका शब्दात येतं. तिला तो सोनं घासून पाहायचा दगड म्हणतो. वचन बरोबर आहे हे वाचून कळतं; ते किती खरं, किती गोड, किती बळकट आहे हे कसोटीच्या वेळीच अनुभवाला येतं. म्हणून प्रार्थना करणाऱ्याच्या मनात वादळ उठलं तर त्याची भक्ती फसली असं ल्यूथरन पाळक म्हणणार नाही. तो म्हणेल, वचन कामाला लागलंय, सोडू नकोस. हे बोलायला सोपं आहे, आणि त्या रात्री ऐकणाऱ्याला फार कठीण वाटतं, हे मी जाणून आहे. तरी जो स्वतः त्यातून गेला त्याच्या तोंडून ते आलंय, एवढा आधार पुरतो.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो: देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, तर मागायचं कशाला? लहान प्रश्नोत्तरीतलं उत्तर सरळ आहे. देव रोजची भाकर आपण न मागताही देतो, दुर्जनांनासुद्धा देतो. आपण मागतो ते अशासाठी की ती त्याच्याकडून येते हे आपल्याला कळावं आणि आपण ती आभार मानून घ्यावी. शिवाय मागा अशी त्याची आज्ञा आहे आणि ऐकेन असं अभिवचन. प्रार्थनेच्या शेवटी "आमेन" ठामपणे म्हणा, असं ल्यूथर पीटरला बजावतो. तुम्ही एकटे गुडघे टेकून बसलेले नाही, साऱ्या ख्रिस्ती लोकांचा मेळा तुमच्या सोबत उभा आहे. मनाची खात्री झाल्याखेरीज उठू नका की देवाने हे ऐकलं आहे. आमेनचा अर्थच तो आहे: होय, होय, असंच होईल.

घरात रोज काय करायचं तेही त्याने लिहून ठेवलं. सकाळी उठल्यावर क्रुसाची खूण, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, एक छोटी प्रार्थना, आणि मग एखादं गीत गात आनंदाने कामाला लागायचं. रात्रीही तसंच, आणि मग लगेच, निश्चिंत मनाने झोपी जायचं. झोपसुद्धा त्याने प्रार्थनेच्या आज्ञेत बसवली!

पीटरचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. पुस्तिका आली त्याच वर्षी, ईस्टरच्या सुमारास, त्याने जेवणाच्या मेजावर आपल्या जावयाला सुरी भोसकली आणि जावई मेला. ज्याला वस्तऱ्यावर नजर ठेवण्याचा दाखला दिला होता, त्याच्याच हातून हे घडलं. ल्यूथरने आणि इतरांनी रदबदली केली म्हणून त्याचा जीव वाचला. पण मालमत्ता गेली, गाव सोडावं लागलं, आणि म्हातारपणी तो डेसाऊला परागंदा होऊन राहिला.

त्याच्यासाठी लिहिलेल्या त्या पुस्तिकेत प्रभूच्या प्रार्थनेतली पाचवी विनंती येते, "आमची ऋणे आम्हांस सोड". तिच्याखाली ल्यूथरने आधीच लिहून ठेवलं होतं की हे प्रभू, आमचा न्यायनिवाडा करायला बसू नकोस, कारण तुझ्यापुढे जिवंत माणसांत कुणीही निर्दोष ठरत नाही. आम्ही किती चांगले किंवा किती वाईट याकडे पाहू नकोस, ख्रिस्तामध्ये तू आम्हांला दिलेल्या अपार दयेकडे पाहा.